आबांनी बांधलेला पुडा

मी बारामतीत साखरेच्या पुड्यांच्या कंपनीत कामाला आहे. हॉटेलात चहाबरोबर येतात त्या, बोटाएवढ्या, कागदी. भरतं यंत्रच, मी फाटलेल्या वेचून बाजूला काढते. सुटताना गेटवर झडती होते, त्यामुळे इतक्या वर्षांत एकही पुडी मी माहेरी नेली नाही. एखादी नेऊन दाखवली असती तर, असं आता रोज वाटतं.

माहेर कळसचं. तिथं साखर म्हणजे दिवाळीला कारखान्याकडून सभासदांना मिळते ती, पोत्यातली. ती संपली की दुकानातून आणायची. माझ्या लहानपणी दुकानदार कागदाचा पुडा वळून दोरा गुंडाळून द्यायचा. पुढं प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि पुडा बांधणं दुकानदार विसरले. आबा, म्हणजे माझे वडील, विसरले नाहीत. गावात कुणाचंही लग्न ठरलं की साखरपुड्याचा पुडा बांधायला आबाच लागत. कागदाचा उभा सुळका करायचे, साखर ठोकून ठोकून भरायचे, वरून लाल जिलेटिन आणि दोऱ्याला एकच गाठ. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

घरचा पुडा बांधायची वेळ मात्र येत नव्हती. आई गेल्यापासून घरात आबा आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ ऊस करतो, झकास करतो, आणि सदतीस ओलांडून बसलाय. मुलींना शेतकरी नको. मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? मीही कंपनीतलाच नवरा केला.

गेल्या वर्षी बावड्याचं एक स्थळ आलं. मुलगी बारामतीत नोकरीला, म्हणून बघायचा कार्यक्रम स्टँडजवळच्या हॉटेलात ठरला. आबा पिशवी सांभाळत आले. मी आत डोकावले तर पुडा.

"आबा, आज नुसतं बघायचंय."

"जमलं तर परत कळसला पळू का? आसू दे हाताशी."

मुलगी हुशार होती, मला आवडली. तिनं भावाला विचारलं, "नोकरीचं काही बघताय का?"

"न्हाय, ऊसच हाय," भाऊ म्हणाला. खोटं बोलायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

मग चहा आला, बिनसाखरेचा. मुलीच्या मामांनी बशीतल्या दोन पुड्या उचलून आबांच्या तळहातावर ठेवल्या.

आबांनी जन्मात तसली पुडी पाहिली नव्हती. मुलीकडच्यांनी कागदात बांधलेली साखर हातावर ठेवली, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. त्यांनी पुड्या कपाळाला लावल्या, टोपी सारखी केली आणि उभं राहून आपला पुडा मामांपुढं धरला.

"लई उपकार झालं, पाव्हणं. पोरीला आमी लेकीवानी ठिवू."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला सगळं कळत होतं, तरी मी माझ्या कपाकडेच बघत राहिले.

मामा भले होते. त्यांनी हात जोडले. "आबा, ती चहाची साखर हाय. चहात घालायची."

मुलीनं मान खाली घातली. ती हसली असती तर परवडलं असतं.

आबा खाली बसले. त्यांना पुडी फाडता येईना, म्हणून मी घेतली, तर माझ्याच हातून साखर टेबलावर सांडली. आबा ती बोटानं गोळा करत राहिले. मला आबांची लाज वाटली नाही, माझी वाटली.

आठवड्यानं फोनवर नकार आला. पुडा फडताळात राहिला आणि पावसाळ्यात आतली साखर दगड झाली. मी माहेरी गेले होते तेव्हा एका सकाळी भावानं कुणाला न विचारता दोरा तोडला, तो गड्डा वरवंट्यानं फोडला आणि डब्यात भरला.

"आता माझ्यासाठी बघायचं बंद करा," तो म्हणाला.

आबा उंबऱ्यात बसून बघत होते. "च्या ठेव," एवढंच मला म्हणाले.

यंदा शेजारच्या घरातलं लग्न ठरलं. ते लोक पुड्यासाठी बोलवायला आले तेव्हा मी तिथंच होते.

"आता हात कापतो रं माझा," आबांनी सांगितलं. ते बिचारे हळहळत परत गेले.

आबांचा हात कापत नाही. त्याच सकाळी त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून भावाच्या सदऱ्याला बटण लावलं होतं.