हात पोचले नाहीत

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच चौकीवर होती. मी फौजेतला नर्सिंग असिस्टंट. आता रिटायर होऊन राहात्यात असतो. इथले कॉलेजवाले मला ‘हँड्स-ऑन’ फर्स्ट एड शिकवायला बोलावतात आणि पोरांना पडद्यावर चित्रं दाखवत बसवतात. माझं डोकंच फिरतं. अरे बाबांनो, हँड्स-ऑन म्हणजे स्वतःच्या हातानं करायचं, हात भरवून घ्यायचे!

चौकीवर दर रविवारी माझा क्लास असे. जखमी व्हायला कायम लान्सनायक दत्तू, कर्जतचा. "तुमी शिकवा डॉक्टरसाहेब, मी आपला पडतो," म्हणून डोळे मिटायचा. पट्टी सैल बसली की ओरडायचा, "लई ढिली हाय! असा तर मी मरंल की." सगळे हसायचे.

एका दुपारी दत्तू आणि वायरलेस ऑपरेटर सुरेश नाल्यापलीकडच्या पोस्टवर होते. दरड कोसळली. वाट गेली. दत्तूच्या जांघेत दगडाची धार घुसली. वायरलेस सेटवर सुरेशचा आवाज आला.

"रक्त थांबत नाही. ओव्हर."

जखम इतकी वर की पट्टा आवळायला जागाच नव्हती.

"गॉज आत कोंब. मुठीनं दाब. सगळं वजन टाक. ओव्हर," मी सांगितलं.

सेटवरच सुरेशच्या मागून दत्तूचा आवाज आला, "सुऱ्या, ढिली हाय. अजून दाब."

आम्ही सगळ्यांनी त्याच्यावरच सराव केला होता. किती जोर हवा, हे त्याच्या अंगालाच ठाऊक होतं.

ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. मी चौकीच्या सुभेदारसाहेबांना म्हणालो, "साहेब, दोर लावून मला जाऊ द्या."

"निगेटिव्ह. दगड अजून सुटतायत. तूही जाशील."

त्यांचं बरोबरच होतं. पलीकडे ते दोघं मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. औषधाची बॅग माझ्या खांद्यावर होती.

सुरेशनं काहीच चुकवलं नाही. मग सेटवर म्हणाला, "दत्तू बोलत नाही. ओव्हर."

"दाबत राहा," मी म्हणालो. दुसरं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दगड थांबल्यावर, दिवस मावळायच्या आत, आम्ही दोरानं पोचलो. दत्तू गेला होता. सुरेशची मूठ अजून जखमेतच होती. ती मी सोडवली.

सुट्टीत कर्जतला गेलो. दत्तूची आई ओट्यावर बसली होती.

"शेवटी त्येला हात कुनी लावला?"

"जिवंत होता तोवर सुरेशनं, आई. नंतर मी. अंग पुसलं, वर्दी चढवली."

"मला तर पेटी उघडू दिली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजे हात हिकडं कर."

त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या गालांना लावले आणि दत्तूला हाक मारली.