मंगळवारचा वर्ग

“पहिले लेटा, मग बोला.” आमच्या विभागप्रमुखांच्या या वाक्याने नवखे विद्यार्थी गोंधळून जात. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राबद्दल कुणी काही विचारलं की सर कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलाकडे बोट दाखवीत. तिथे आडवं व्हायचं, हातापायांना गार पट्ट्या लावून घ्यायच्या आणि मग काय ते विचारायचं.

हैदराबादच्या एका विद्यापीठातला आमचा जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभाग. नाव एवढं लांबलचक आणि खोल्या मोजून चार. मी तिथे टंकलेखक. विभाग सरांनीच उभा केला होता. सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरातले असल्याने त्यांच्या बोलण्यात दखनी सहज येई. असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. नसतील तर तुमचं नशीब थोडं कमीच.

एकदा सरकारी दवाखान्यातलं यंत्र मुलांनी दुरुस्त करून दिलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं. चालत होतं झकास, पण मुलांनी वायरींचा गुंता नको म्हणून त्या कापून आखूड केल्या होत्या, आणि आता त्या खाटेपर्यंत पोचत नव्हत्या. सर रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून दर मंगळवारी त्यांनी सगळा वर्ग दवाखान्यात न्यायला सुरुवात केली.

मग विद्यापीठात विभागांची फेररचना आली. स्वतंत्र राहायचं तर वर्गातले तास वाढवा, म्हणजे मंगळवार बंद, असं त्यासाठी नेमलेल्या समितीने कळवलं. मंगळवार हवा असेल तर विभाग इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाणार, आणि सरांचं प्रमुखपदही जाणार.

सरांनी मंगळवार निवडला. समितीला तसं कळवणारं पत्र टाइप करता करता मी थांबलो. नावच गेलं तर राहिलं काय, असं मी विचारलं.

“नाव दाराला असतं हो. पोरांनी मरीजच नाही बघितला, तर आपण इथे कशाला बसलो? करा टाइप.”

मला त्यांचा फार राग आला. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हेही आज सर नसताना सांगतो.

विभागाची पाटी उतरवली तो मंगळवारच होता. सरांना बरं वाटावं म्हणून मी चहा घेऊन गेलो, तर खोली रिकामी. शिपाई म्हणाला, “साब तो बच्चों को लेके दवाखाने गए.”

सर चारला परतले. पाटीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता. त्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

“एक म्हातारी आज इतकी घाबरली, की आपल्या वर्गातल्या एका पोरीचा हातच सोडेना,” ते म्हणाले. “पोरगी तासभर तशीच बसून राहिली.”

सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. कशाने, ते मी विचारलं नाही.