पहिली वेलांटी

"याला पंखा नाही, म्हणून याच्यासमोर बसलं की माणसाला स्वतःचं ऐकू येतं," भाऊजी एकदा म्हणाले होते. तेव्हा त्यांचा हात त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कचेऱ्यांमधली यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. ताई एका कचेरीत टायपिस्ट होती आणि तिच्या टाइपरायटरची पहिल्या वेलांटीची कळ सारखी अडकायची. भाऊजींना सारखी बोलावणी जायची. कळेत मुळात काहीच बिघाड नव्हता, हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी उघड झालं. बिघाड कोण करत होतं यावर मात्र दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

"दुरुस्त करून जाताना हेच ढिली करून जायचे," ताई म्हणायची.

"चांगली कळ अडकवायला अक्कल लागते, बाईसाहेब. ती माझ्यात कुठली?"

टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. कागदावर ती अक्षराच्या डावीकडे उभी असते ना, म्हणून. नवीन मुली चुकल्या की ताई त्यांना सांगायची, "आधी वेलांटी, मग अक्षर. आधी दार, मग माणूस." उभ्या आयुष्यात तिच्या बोटांनी हा क्रम मोडला नाही.

पुढे कचेरीत तो लहानसा कॉम्प्युटर आला. पडदा, मेंदू, फ्लॉपीची खाच, सगळं एकाच खोक्यात. उचलायला डोक्यावर खोबण. त्यात कोणीतरी आपली अक्षरं बसवून दिली होती, टाइपरायटरच्याच कळांवर आणि टाइपरायटरच्याच क्रमाने, टायपिस्ट बायांनी कुरकुर करू नये म्हणून. तो जुना झाला, कचेरीने भंगारात काढला, तेव्हा भाऊजींनी तो घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून एखादं स्थळ सांगावं तशी माहिती सांगितली.

"वजन साडेसात किलो. रंग गव्हाळ. पडदा नऊ इंची, काळा-पांढरा. आडवे पाचशे बारा ठिपके, उभे तीनशे बेचाळीस. मेमरी एक मेगाबाइट. वेग आठ मेगाहर्ट्झ, म्हणजे शालकराव, साधारण तुमच्याइतका. हार्डडिस्क नाही, त्यामुळे मनात काही धरून ठेवत नाही. पंखा नाही, म्हणजे बडबड नाही. घरंदाज आहे."

"आणि खोड?" ताईने विचारलं.

"एकच. बंद केल्यावरही पडद्याच्या काचेत वीज राहते. उघडताना घाई केली तर फेकून देतो."

ते खोकं उघडणं सोपं नव्हतं. स्क्रू खोबणीत खोलवर, साधा पेचकस पोचतच नाही. भाऊजींनी एक लांब दांड्याचा पेचकस स्वतः घडवून घेतला होता. कचेऱ्यांमध्ये त्यांना लांबपेचकस म्हणत ते त्यावरूनच, आणि त्यांच्या नाकावरूनही.

मग ताईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात राहिला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी भाऊजींनी तिची खुर्ची त्या यंत्रासमोर ढकलली. डाव्या हाताचं एक बोट बराच वेळ कळांवर फिरत राहिलं. मग नऊ इंची पडद्यावर अक्षरं उमटली:

चहा गार आहे.

भाऊजी हसले, आणि हसता हसता न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर ताई त्या यंत्रातूनच बोलली. एका दमात बोलता येतं तेवढीच ओळ त्या पडद्यावर मावायची. मी गेलो की ती लिहायची, "आलास? पाय पूस." भाऊजींनी केलेली भाजी एक दिवस अगदीच पाणचट झाली होती, तर लिहिलं, "झटका मला आला. मीठ तुम्ही का विसरता?" झटक्यानंतर तिला आवाज सोसत नसत. भांडं पडलं तरी डोळे मिटून घ्यायची. घरात कळांची टिकटिक तेवढी होती आणि अधूनमधून फ्लॉपीची गुरगुर. एक मेगाबाइट संसाराला पुरत होता.

एका दुपारी पडद्यावरची अक्षरं दबत गेली. शेवटी मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली. मग तीही गेली. हा बिघाड भाऊजींच्या ओळखीचा होता. आतल्या जोडांवरचे कथलाचे डाग निसटतात, पुन्हा डाग दिला की काम होतं. या वेळी पडद्याला वीज पुरवणारी तारेची गुंडाळीच जळाली होती. ती आता कुठे मिळत नव्हती. भाऊजी भंगाराची दुकानं धुंडाळत राहिले.

"बाबा, संग्रहालय बंद करा आता," भाचा म्हणाला. मुलगा म्हणून तो वाईट नव्हता, हे लिहून ठेवलं पाहिजे. त्याने आईसाठी नवा कॉम्प्युटर आणला, भला मोठा रंगीत पडदा. कळांवर अक्षरांचे कागद चिकटवले, कात्रीने कापून, ज्या त्या जुन्या जागी, आईला शोधावं लागू नये म्हणून. एक अख्खी सुट्टी त्यात घालवली. अक्षरांच्या जागा त्याने तंतोतंत जमवल्या. पण नव्या यंत्राला आधी अक्षर लागतं आणि मग वेलांटी, हे त्याला सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आणि भाऊजी त्या यंत्राला हात लावत नव्हते. रुसले होते.

ताईने लिहायला सुरुवात केली. पडद्यावर मधूनच ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटायचं. वेलांटी आली आणि तिला धरायला अक्षर नसलं की नवं यंत्र असं वर्तुळ काढतं. इथे कोणीतरी हवं होतं, एवढंच ते सांगतं. ताईने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वर्तुळ. तिने कळांवर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी तिने फक्त एक शब्द लिहिला: पंखा. भाच्याने छतावरचा पंखा बंद केला. तिने पुन्हा लिहिलं: पंखा. त्याने तो चालू केला. पंखा, पंखा, पंखा. ओळीच्या ओळी.

डॉक्टर घरी आले. माणूस सौम्य होता. त्यांनी ताईला वारांची नावं लिहायला सांगितली. तिने लिहिली: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शिनवार, रिववार. मग खोलीतल्या वस्तू. टेबल आणि कपाट नीट आली. दिवा आणि खिडकी लिहिताना ती रिकामी वर्तुळं आली. शेवटी पुन्हा पंखा.

"शब्द आहेत, पण आतला क्रम मोडतोय," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "आणि एकाच शब्दात अडकणं, हेही त्यातलंच. हे वाढत जाईल."

ते भाऊजींना झेपलं नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे डॉक्टरसाहेब. जन्मभर नोकरी केलेली बाई, सुट्टीचेच वार विसरणार."

आम्ही हसलो. ताईही ऐकत होती. तिने भाऊजींकडे पाहिलं आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला. त्यानंतर तिने त्या कळांना बोट लावलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. भाच्याने शुश्रूषागृह शोधलं, स्वच्छ, झाडांजवळ. भाऊजी पडत्या फळाची आज्ञा झाल्यासारखे हो म्हणाले. मला म्हणाले, "शालकराव, ज्याच्याशी बोलायचं ते माणूस आत राहिलंच नसेल, तर कोण उचलतंय याने काय फरक पडतो?" तिला उचलून उचलून त्यांची पाठ गेली होती, हेही खरं.

पावसाळा सरता सरता त्यांना एका शाळेच्या अडगळीत तसंच एक खोकं सापडलं. त्यातली गुंडाळी शाबूत होती. मी गेलो तेव्हा टेबलावर दोन्ही खोकी उघडी होती. भाऊजींनी लांब पेचकसाने काचेतली उरलेली वीज आधी काढून टाकली, टच्च असा आवाज झाला. मग गुंडाळी बदलली, डाग दिले, खोकं मिटलं. पडदा उजळला.

"काय लिहू?" ते म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी लिहिलं, "रविवार." त्या दिवशी रविवार होता म्हणून, दुसरं काही नाही. शब्द सरळ उमटला. ते खूश झाले. मग उगाच, जुन्याची मिजास दाखवायला, शेजारच्या नव्या यंत्राकडे सरकले. "बघा, याला एवढा थाट लागतो," म्हणत ते सुरू केलं. आत पंखा घरघरला. त्यांनी त्याच बोटांनी, त्याच क्रमाने तोच शब्द मारला.

रिववार.

त्यांनी पुसला. पुन्हा मारला. रिववार. मग शिनवार. मग एका बोटाने, अगदी हळू, वेलांटी, द, व, काना. रिकामं वर्तुळ आलं आणि त्याच्यामागे उघडा 'द'.

पंखा घरघरत होता. भाऊजींनी यंत्राला कान लावला. मग छताकडे पाहिलं, आणि पुन्हा यंत्राकडे.

"शालकराव," ते म्हणाले, "ती बरोबर लिहीत होती."

त्यांनी पहिल्या वेलांटीच्या कळेवर बोट ठेवलं.

"चाळीस वर्षं मी ही कळ दुरुस्त करतोय," ते म्हणाले. "हीच कळ."

त्या रात्री ते झोपले नसावेत. सकाळी मी आणि भाचा त्यांच्याबरोबर निघालो. यंत्र त्यांनी कोणाला धरू दिलं नाही. डोक्यावरच्या खोबणीत हात घालून, पाठ वाकडी करून, जिना उतरले. वाटेत फार बोलत होते. "आधी माफी मागायची नाही," म्हणाले. "आधी नुसतं समोर ठेवायचं. ती शिव्या घालेल. घालू दे. ह्याच्यात शिव्या छान दिसतात." भाचा खिडकीबाहेर बघत होता.

शुश्रूषागृहाच्या दारात परिचारिका भेटली. खोकं पाहून ती थोडी घुटमळली.

"तुम्हाला फोन केला होता की," ती भाच्याला म्हणाली. "मधे आणखी एक झटका येऊन गेला असावा. सौम्य. डाव्या हातातून चमचा पडायला लागला तेव्हा लक्षात आलं. बाकीचे रुग्ण हाक मारतात, सांगतात. यांना सांगता येत नाही ना, म्हणून उशीर झाला."

"बाबांना त्रास नको म्हणून..." भाचा म्हणाला आणि थांबला.

भाऊजींनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते आत गेले होते.

ताई खाटेजवळच्या खुर्चीत होती. केस कापले होते, बरे कापले होते. भाऊजींनी तिच्यासमोरच्या फिरत्या टेबलावर यंत्र ठेवलं, तार जोडली, फ्लॉपी घातली. ती ओळखीची गुरगुर झाली. मग ते उठले आणि छतावरचा पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत ते तिथेच उभे होते. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येईना.

"बाईसाहेब," ते म्हणाले. "कळ दुरुस्त झाली."

ताईने पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. तिचा डावा हात मांडीवरून सुटला, टेबलाच्या कडेला अडला, तिथून वर आला. बोट थरथरत कळांवर फिरलं आणि एके ठिकाणी टेकलं.

पडद्यावर एक पहिली वेलांटी उमटली. वर्तुळ आलं नाही. जुनं यंत्र असल्या वेळी काही म्हणत नाही. वेलांटी उभी राहते, आणि यंत्र वाट बघतं.

आम्हीही बघत होतो. भाऊजींचे ओठ हलत होते, प्रत्येक अक्षर लावून बघावं तसे. बोट तिथेच होतं. मग ते कळेवरून घसरलं, आणि हात, कोणी ठेवलेली वस्तू पडावी तसा, मांडीत पडला. भाच्याने तो उचलून पुन्हा कळांवर ठेवला. तो पुन्हा पडला. ताई पडद्याकडे बघत होती. डोळे पूर्ण जागे होते. ते मी पाहिलं, आणि भाऊजींनीही पाहिलं.

परिचारिका आत आली. "दमल्या असतील," ती म्हणाली. "पंखा लावू का?"

तिने पंखा लावला. ताईने डोळे मिटून घेतले.

भाऊजी बराच वेळ त्या एका वेलांटीकडे बघत राहिले. यंत्र त्यांनी बंद केलं नाही. खिशातला लांब पेचकस काढून त्यांनी टेबलावर, कळांच्या शेजारी ठेवला. ताईच्या मांडीतला हात नीट केला. आणि ते खोलीबाहेर निघून गेले.