रोझाबरोबर वरवंडला

रोझाला घेऊन पुण्यातून निघाले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि तिच्या मांडीवर चीजचा एक अख्खा गोल होता. मागे डिकीत ठेवू म्हटलं, तर ऐकेना. टस्कनीतल्या आपल्या शेतावरून, दोन विमानं बदलून, तिनं तो असाच पोटाशी धरून आणला होता. वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि हट्टीपणात माझ्या धाकट्या आत्याच्या तोडीस तोड.

गेली नऊ वर्षं मी मराठी मंडळींना इटली दाखवायला नेते. चर्च आणि पुतळे लोक घरी येईपर्यंत विसरतात, रोझाकडचं रविवारचं जेवण कुणी विसरत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली लांबलचक टेबल, घरी लाटलेला पास्ता, पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत ‘मान्जा, मान्जा’ (खा, खा) म्हणत फिरणारी रोझा. आमच्या जाहिरातीत ‘अस्सल इटालियन पाहुणचार’ या शब्दांशेजारी तिचाच फोटो असतो.

तिची मेंढरं राखायला वरवंडचा सोमनाथ होता, सत्तावीस वर्षांचा. पहिल्यांदा भेटला तेव्हा गोठ्यातून हात पुसत आला आणि म्हणाला, “ताई, पुण्याच्या का तुम्ही? मी वरवंडचा हाय.” आमच्यातल्या दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन वर्षं तो रोझाच्या घरात राहिला. रविवारी तिच्या शेजारी बसून जेवायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, सायकलवरून गावात जाताना त्याला ट्रकनं उडवलं. त्याच दुपारी आम्ही रोझाकडे जेवत होतो. आमची बस रोमकडे निघाल्यावर तिला कळलं, मला दोन दिवसांनी.

तेव्हा रोझाच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन व्हायचं होतं, येता आलं नाही. आता आली. “त्याच्या आईला एक गोष्ट सांगायची आहे,” एवढंच म्हणाली. काय ते मला सांगेना. मी दुभाषी म्हणून बरोबर.

वरवंडला सोलापूर रस्त्यानं सरळ जाता येतं. पण रोझाला आधी तळेगाव ढमढेरे पाहायचं होतं. इटलीला जाण्यापूर्वी सोमनाथ रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता आणि तळेगावात खोली करून राहायचा. तिथल्या आठवडेबाजाराच्या गोष्टी त्यानं तिला इतक्या सांगितल्या होत्या, की ती मेथीच्या ढिगांमधून माहेरी आल्यासारखी चालली. एका भाजीवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“पाव्हण्या कुठल्या म्हणायच्या?”

“इटलीच्या. वरवंडला एका घरी भेटायला चाललोय. मुलगा वारलाय तिथला.”

बाईनं कोथिंबिरीची जुडी रोझाच्या हातात कोंबली. “रिकाम्या हातानं जाऊ नगा,” म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

न्हावऱ्याच्या पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा झाला होता. तासभर तिथंच गेला. दोन्हीकडे उभा ऊस, मध्ये आम्ही, आणि गाडीत कोथिंबिरीचा वास. रोझानं माझा हात धरला. “ती मला घरात घेईल ना?” तिनं विचारलं. तिच्या दारात आजवर कुणाला असं विचारावं लागलेलं मी पाहिलं नव्हतं. घेईल की, म्हटलं. इतकं काय सांगायचं आहे, असंही मनात आलं. मग भीमा ओलांडून आम्ही दौंड तालुक्यात शिरलो.

वस्ती हमरस्त्यापासून आत होती. पत्र्याची दोनखणी खोली, पुढे सारवलेलं अंगण. सोमनाथचे वडील, आबा, दारात उभे होते. त्यांनी घोंगडी अंथरली, रोझाचे पाय पाहिले, आणि शेजाऱ्यांकडून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आई हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं रोझाकडे पाहिलं, पण उठली नाही.

रोझानं चीजचा गोल आबांच्या हातात दिला. सोमानं शेवटच्या आठवड्यात काढलेल्या दुधाचं हे चीज, वर्षभर मुरवलंय, विकलं नाही, असं तिनं सांगितलं. मलाही हे आत्ताच कळत होतं. आबांनी ते नाकाशी नेलं.

“वास मेंढराचाच हाय,” ते म्हणाले. “आम्ही मेंढरं इकून बागाईत धरली. आन् ह्यानं तिकडं जाऊन परत काठी घेतली.” गुडघ्यात मान घालून ते रडले.

मग रोझा बोलायला लागली. दोन वाक्यं बोले, थांबे, मी मराठीत सांगे. त्या रविवारी टेबलाला चौदा खुर्च्या मांडल्या होत्या. बारा पाहुण्यांच्या, एक तिची, एक सोमाची. सकाळी फोन आला, दोन माणसं वाढली आहेत. घरात आणखी खुर्च्या नव्हत्या. तिनं ठरवलं, आपण उभ्यानं वाढू. तरी एक कमी पडत होती. “मी सोमाला म्हटलं, आज तू गावात जेव. तो हसला. सायकल काढली आणि गेला.”

मी हे सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता, कारण पुढचं वाक्य काय असणार ते मला कळलं होतं.

“फोन हिचा होता,” रोझा म्हणाली. “पण हिला काय माहीत? नाही म्हणायला मला तोंड होतं.” तिच्या आवाजात माझ्यावर काही राग नव्हता.

दुसऱ्या एका ग्रुपमधून चुकलेलं एक नवराबायकोचं जोडपं त्या सकाळी हॉटेलात भेटलं होतं. मीच त्यांना म्हटलं होतं, चला आमच्याबरोबर, आमच्या रोझाचं टेबल मोठं आहे. फोनवर रोझा क्षणभर गप्प राहिली होती, मग ‘होईल’ म्हणाली होती. जेवताना कुणीतरी विचारलंही होतं, तुम्ही बसमध्ये सांगत होता तो वरवंडकर कुठे आहे आज? गावात गेलाय, असं कळल्यावर आम्ही पुढचा घास घेतला होता.

हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, “पाहुणे अचानक वाढले होते, असं म्हणतात त्या.”

‘फोन हिचा होता’ हे रोझाचं वाक्य मी मराठीत आणलंच नाही.

हिराबाई ताठ झाली. “खुर्ची न्हवती तर भुईवर बसला असता की! माझं लेकरू भुईवर जेवूनच मोठं झालं. येवढी पंगत बसली, आन् त्यालाच उठवला? इचारा तिला.”

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.

“मला सुचलंच नाही,” रोझा म्हणाली. मग खुर्चीचे हात धरून ती खाली उतरायला लागली. गुडघे वाकेनात. मी पुढं झाले, पण त्याआधी हिराबाईचा हात तिच्या दंडाखाली गेला होता. दोघींनी मिळून तिला घोंगडीवर बसवलं. हिराबाईनं मग तो हात काढून घेतला नाही. दोघी खांद्याला खांदा लावून रडल्या. त्या वेळी माझी कुणालाच गरज नव्हती.

नंतर हिराबाईनं चूल पेटवली. बाजरीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. आम्ही चौघं जमिनीवर बसलो. आबांनी चीज विळीवर कापून सगळ्यांच्या ताटात घातलं, एक तुकडा सोमनाथच्या फोटोपुढे ठेवला. हिराबाई रोझाच्या ताटाकडे बघून म्हणाली, “खा म्हणावं.” रोझा खात होती.

गेलेल्या माणसाच्या घरून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गप उठायचं आणि चालायला लागायचं. मी तशीच उठले. पण हिराबाईनं रोझाचा हात सोडला नाही.

“तिला म्हणावं, येते म्हणून जा. माज्या पोराला तीन वर्सं जेवू घातलंय तिनं.”

मी तो शब्द शिकवला. रोझा म्हणाली, “येते.”

मग हिराबाई माझ्याकडे वळली. “तुमचं लई उपकार हायती, बाई. तुम्ही न्हसता तर आमाला काय कळलं असतं? तुम्ही बी या परत.”

मी हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले.

सोलापूर रस्त्याला लागल्यावर रोझानं विचारलं, “माझं सगळं सांगितलंस ना?” सगळं, म्हणाले. तिनं डोळे मिटले आणि पुणं येईपर्यंत शांत झोपली. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. तिच्या झोपेचा मला हेवा वाटला. ती सात समुद्र ओलांडून जे बोलायला आली होती, ते त्या घोंगडीवर मला एका वाक्यात बोलता आलं असतं. माझ्या तर भाषेचाही प्रश्न नव्हता.

रोझा परत गेली त्याला पाच महिने झाले. तिचे गुडघे आता इतका प्रवास करू देणार नाहीत, तरी फोनवर ती ‘येते’ म्हणूनच बोलणं संपवते. वरवंड माझ्या घरापासून दीड तासावर आहे. मी अजून गेलेले नाही.