अलार्म जोडायला सक्षम माणूस

विश्रामराव साळुंखे एकतीस वर्षं एका रासायनिक कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत काहीही घडलं नाही. कुणाला शॉक बसला नाही, काही जळलं नाही. निरोप समारंभात मॅनेजरसाहेबांना त्यांच्याविषयी बोलायला काही सापडेना, तेव्हा ते बडोद्याच्या उन्हाळ्यावर बोलले. विश्रामरावांनी शाल-नारळ घेतला आणि वाडीतल्या आपल्या घरी येऊन बसले.

त्याला आठ वर्षं झाली, तेव्हा निरुपमाबाई इंगळे त्यांच्याकडे आल्या. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. विश्रामरावांची मुलगी स्नेहलता त्यांच्या हाताखाली शिकलेली. बाई घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीत, एका अरुंद, उंच घरात एकट्याच राहायच्या. हातात एक छापील पुस्तिका होती.

"चोराचा अलार्म घेतलाय," बाई म्हणाल्या. "पोळात भरदुपारी चोरी झाली म्हणून. आता त्याचं पॅनल भिंतीवर लावून लाइटला जोडायचंय. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, जोडणी कायमची हवी, प्लगवर नको, मध्ये स्विच नको, आणि काम सक्षम व्यक्तीनंच करावं. तीन जण बोलावून पाहिले."

पहिला म्हणाला होता, "बेन, बे मिनिटनुं काम छे," म्हणजे दोन मिनिटांचं काम, आणि वायरला प्लग लावू लागला. दुसरा पंख्याच्या स्विचमधून तार काढणार होता. तिसऱ्यानं पुस्तिका हातात घेऊन उलटी धरली होती.

"तुम्ही सक्षम आहात का?" बाईंनी विचारलं.

विश्रामरावांनी पुस्तिका घेऊन ते पान वाचलं. मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

"अहो, त्यात विचार कसला?" त्यांच्या पत्नी अहल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "हो म्हणा की."

पण विश्रामरावांनी दोन दिवस विचार केला. पत्र्याच्या पेटीतून वायरमनचा परवाना काढून पाहिला. तिसऱ्या दिवशी घडियाळी पोळात जाऊन त्यांनी सांगितलं, "बाई, मी सक्षम होतो. आता कागदावर नाही. परवान्याची मुदत संपून आठ वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. आतापर्यंत आलेल्यांत नाही म्हणणारा हा पहिलाच माणूस. "मुदत वाढवून घ्या," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

मुदत वाढायला अडीच महिने लागले. एका खिडकीवर त्यांना सांगितलं की फोटोतला माणूस तुम्ही नाही, कारण फोटोत मिशी होती. विश्रामराव मिशी वाढवून पुन्हा गेले. तोवर पॅनल बाईंच्या कपाटात साड्यांखाली पडून होतं. चोरही आला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला विश्रामराव पिशवी घेऊन हजर झाले. त्यांनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली.

"घरात आपण दोघंच आहोत," बाई म्हणाल्या. "कुलूप कशाला?"

"दोघं आहोत म्हणूनच."

पॅनल बोळकंडीत लागणार होतं, दारापासून आत चार पावलांवर. तिथे एक जुना लाकडी बोर्ड होता, तो आधी उतरवायचा होता. विश्रामराव स्टुलावर चढले. बोर्डाचे स्क्रू काढले. टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेत करंट आहे का ते दाखवणारा दिवा, चालतो की नाही, ते दाराबाहेरच्या इस्त्रीवाल्याच्या प्लगवर पाहून आले आणि मगच लॅम्पच्या तारा बोर्डाला लावल्या.

दिवा लागला.

विश्रामराव स्टुलावरून उतरले. जिन्याच्या पायरीवर बसले. एकतीस वर्षं ते प्रत्येक वेळी असंच तपासत आले होते आणि एकदाही दिवा लागला नव्हता. तिथूनच त्यांनी बोर्डातून भिंतीत गेलेली तार नजरेनं पलीकडे नेली.

"काय झालं? मेन बंद आहे ना?" बाईंनी विचारलं.

"तुमचा बंद आहे. हा करंट दुसऱ्याचा आहे."

घर मुळात दुप्पट रुंद होतं. बावीस वर्षांपूर्वी बाईंचे यजमान आणि धाकटे दीर फत्तेसिंहराव यांच्यात वाटणी झाली, मधोमध भिंत उठली आणि दोन मीटर आले. बोळकंडीची ही एक तार मात्र पलीकडच्या मीटरवरच राहून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गावाला जाताना बाई बोळकंडीचा दिवा आधी घालवायच्या आणि मग मेन बंद करायच्या.

"त्यांचा मेन बंद करावा लागेल," विश्रामराव म्हणाले.

वाटणीच्या वेळी गच्चीच्या पाण्याचा पाइप कुणाच्या अंगणात सोडायचा यावरून बाईंचं दिराशी बिनसलं होतं, ते आजतागायत. यजमान गेले तेव्हा फत्तेसिंहराव येऊन गेले, पण बोलणं झालं नाही. त्यांचं टपाल चुकून इकडे आलं, तर बाई ते पोस्टमनला परत करायच्या.

"तुम्हीच जा ना," बाई म्हणाल्या.

"जाईन. पण कुणाच्या घरचं काम, ते विचारतील."

बाईंनी साडी बदलली आणि शेजारचं दार वाजवलं. विश्रामराव मागे उभे राहिले.

"कोण?"

"निरुपमा."

"कुठली निरुपमा?"

"शेजारची."

दार उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे फत्तेसिंहराव बनियनवर होते. वहिनींना पाहून ते आत गेले आणि सदरा घालून परत आले.

"भावजी, तुमचा मेन स्विच बंद करायचाय."

"का?"

"तुमचा करंट माझ्या भिंतीत आहे."

"केव्हापासून?"

"वाटणीपासून."

फत्तेसिंहरावांनी यावर विचार केला. स्विच बंद करायला ते तयार झाले, पण कुलपाला नाही. "मी स्वतः स्विचपाशी बसतो. माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," विश्रामराव म्हणाले. "कारखान्यातसुद्धा मी कुणावर ठेवला नाही. साहेबांवरही नाही."

हे फत्तेसिंहरावांना पटलं असावं. त्यांनी कुलूप घालू दिलं. पंखा बंद पडला, तशी ते खुर्ची घेऊन वहिनींच्या बोळकंडीत येऊन बसले. काम पाहायला म्हणाले.

विश्रामरावांनी पुन्हा दिवा लावून पाहिला. लागला नाही. मग ते कामाला लागले. बाईंच्या मेनपासून पॅनलपर्यंत स्वतंत्र तार ओढायची, मध्ये फक्त फ्यूज, अर्थिंग तपासून घ्यायचं. त्यांच्या पाठीमागे पहिला अर्धा तास उकाड्याविषयी बोलणं झालं.

मग बाई म्हणाल्या, "त्या पाइपाचं काय झालं?"

"गंजून पडला. सात-आठ वर्षं झाली."

"पाणी कुठे जातं मग?"

"खाली," फत्तेसिंहराव म्हणाले.

बाईंनी चहा टाकला. तीन कप.

जुनी तार काढायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या ना. इतकी वर्षं चाललंय." फत्तेसिंहरावही म्हणाले, राहू द्या. विश्रामरावांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तार पलीकडच्या टोकापासून सोडवून पूर्ण ओढून काढली. "एका भिंतीत दोन मीटरचा करंट ठेवायचा नाही," एवढंच ते म्हणाले.

दोन्ही कुलपं निघाली. पॅनलवर हिरवा दिवा आला, बॅटरी जोडली आणि बाईंनी पुस्तिकेप्रमाणे अलार्म वाजवून पाहिला. अर्धी पोळ बाहेर आली. फत्तेसिंहराव कानांवर हात ठेवून म्हणाले, "चांगला आहे."

पुस्तिकेत पुढे लिहिलं होतं की अलार्म बंद करायचा आकडा जवळच्या एका विश्वासू व्यक्तीला देऊन ठेवावा. बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग वहीचं पान फाडून चार आकडे लिहिले आणि दिराच्या हातात दिले. त्यांनी ते पान न वाचताच घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

विश्रामराव घरी आले. अहल्याबाईंनी विचारलं, "झालं का?"

"झालं," ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा एक पोळी जास्त जेवले.

पंधरा दिवसांनी फत्तेसिंहराव वाडीत शोधत आले. दोन घरांमध्ये एक घंटी बसवून हवी होती. वहिनींना रात्री-अपरात्री काही लागलं तर यांच्याकडे वाजावी, आणि यांना लागलं तर तिकडे.

"बसवतो," विश्रामराव म्हणाले. "कुणाच्या मीटरवर?"

यावर दीर-वहिनींचा तीन दिवस वाद चालला. दोघांनाही ती आपल्याच मीटरवर हवी होती. शेवटी विश्रामरावांनी सेलवर चालणारी घंटी बसवली आणि सेल कुणी बदलायचे, ते त्यांचं त्यांच्यावर सोडलं.