यादीत सगळ्यात खाली

सूनबाई चहा देता देता सरळच म्हणाली, "बाबा, आज वायफायच्या यादीत तुमचा मोबाइल मी सगळ्यात खाली टाकलाय हं."

मी कपच खाली ठेवला. भोकरदनमध्ये अख्खी हयात मास्तरकी केली, आजवर मला असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्यात कनेक्शन माझ्याच नावावर! पण तिचं चुकत नव्हतं. अकरा वाजता लॅपटॉपवर तिची पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखती मधेच आवाज तुटून हातच्या गेल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी पोरगी जेवलीसुद्धा नव्हती. आमच्याकडं इंटरनेट येतं बारीक धारेच्या नळासारखं. म्हणून तिनं राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून नंबर लावले. पहिला लॅपटॉप, मग टीव्ही, मग आमच्या हिचा फोन, शेवटी मी.

"तुम्ही लई व्हिडिओ बघता ना, म्हणून. तासाभराचाच प्रश्न आहे."

"बघतो तर बघतो!" मी म्हणालो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

ही बाजारात गेल्ती. मुलगा कामावर. आतल्या खोलीचं दार बंद, सूनबाई हळू आवाजात इंग्रजी बोलत होती. मी गुडघेदुखीवरचा एक व्हिडिओ लावला. डॉक्टर म्हणाले, "पाय हळूच वर उचला," आणि तिथंच थांबले. गोल गोल फिरतंय आपलं. पाच मिनिटं वाट बघितली. डोकं तापलं. माझं डोकं तापायला तसं फार लागत नाही. नेट अडकलं की पिन काढायची आणि पुन्हा लावायची, हे केबलवाल्यानंच शिकवलेलं. उठलो आणि भिंतीतली पिन उपसली.

आतून आवाज आला, "हॅलो? सर? हॅलो?"

अरे देवा! पिन परत खुपसली, पण त्या डब्याचे दिवे लवकर हिरवे होतील तर शपथ. आत सगळं चिडीचूप. दार वाजवायची हिंमत होईना. मी तिथंच उभा, स्वतःला शिव्या घालत. म्हाताऱ्या, काय केलंस हे?

थोड्या वेळानं आत पुन्हा बोलणं सुरू झालं आणि चांगलं अर्धा तास चाललं. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा घामानं डबडबलेला, पण हसरा.

"बराबर झाली, बाबा. मोबाइलच्या नेटवर केली पुढची."

"पोरी, ते मीच..."

"माहितीय. त्यांना सांगितलं, लाइट गेली. पंखा दिसत होता मागं, तो पण बंद केला."

मी खुर्चीत बसलो. इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मी खुशाल भरू दिले.

तिसऱ्या दिवशी नोकरी लागल्याचा मेल आला. ही पेढे वाटताना शेजारणीला तावातावानं सांगत होती, "मेली लाइट, ऐन टायमाला गेल्ती! कसंबसं निभावलं पोरीनं."

मी मान खाली घालून पेढा चघळत होतो. सूनबाई म्हणाली, "जाऊ द्या ना आई, लाइटचं काय, येती-जाती."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.