तंगूसचं जाळं दिसू नये म्हणून

माझी मालकीण वारली आणि चार महिन्यांत माझ्या जाळ्याला मासा लागंना झाला. इंदापूरच्या अंगाला उजनीच्या पाण्यावर आमची होडी. शेजारच्या होड्यांना चिलापी मिळायची, मी रिकामा परत. पोरगा बारामतीला नोकरीला. म्हणाला, "आबा, दिवाळीपर्यंत बघा. न्हायतर होडी विकू अन् तुमी हिकडं या." तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू?

जाळी धुवायचं काम मालकिणीचं. कशी धुते ते मी कधी बघितलंही नाही. ती गेल्यावर दुकानातनं कपड्यांची भारीतली पावडर आणली, फेसात तंगूसची, म्हणजे बिनरंगी नायलॉन दोऱ्याची, जाळी घासली, उन्हात वाळत घातली. अशी लखलखली की वाटलं, तिच्यापेक्षा बरं जमलं.

सून शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी आली, जाळं बघितलं आणि काचेच्या बरणीत पाणी घेतलं. कोऱ्या तंगूसचा तुकडा आत सोडला, तो दिसेनासाच झाला. मग माझ्या धुतलेल्या जाळ्याचा सोडला. बरणी उन्हात धरली, तर तो निळसर चमकत होता.

"आबा, कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते तंगूसला चिकटतं. माशांना कंदील दाखवताय तुम्ही!"

"अगं, मग आधी कसं दिसत नव्हतं?"

"पाण्यात अन् धाग्यात उजेड जवळपास सारखा वळतो. कड नजरेला सापडत नाही. पूर्ण गायब नाही होत हां. शेवाळ बसलं, चरे पडले की संपलं. माणूस लपवणारं कापड करायला शास्त्रज्ञ धडपडतायत, त्यांचंही तसंच. एका रंगाच्या उजेडात, एका बाजूनं, बारकी वस्तू लपते. बाजू बदलली की दिसतेच."

"मंजे आमी बिनशिकलेले त्यांच्या म्होरं हाय म्हण की."

"होतात तुम्ही. पावडर आणेपर्यंत."

मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मालकीण जाळी नुसत्या पाण्यात खळबळून बाभळीच्या सावलीत वाळवायची. साबण लाव की, आळशी कुठली, असं मी म्हणायचो. ती भांडायची नाही, ऐकायचीही नाही.

ती चमक काही निघंना. तिनं धुवून ठेवलेली दोन जाळी माळ्यावर होती, ती लावली. पहिल्या दिवशी तीन चिलापी, आठवड्यानं अर्धी पाटी. आता रोज कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मीच खळबळतो, शेवाळ नखानं काढतो. गुडघे ठणकतात.

पोराला फोन केला, "होडी इकायची न्हाय."

"आबा, वय बघा की."

"मासं वय बघत न्हाईत," म्हटलं आणि फोन ठेवला.